वर्तुळ मोठं म्हणजे अर्क जालीम, असं नाही

जिवाणू पसरलेल्या अगारवर (जेलीसारख्या माध्यमावर) वनस्पतीचा अर्क आणि अँपिसिलिन या प्रतिजैविकाची चकती ठेवली, आणि जिवाणू न वाढलेलं वर्तुळ अर्काभोवती चकतीपेक्षा मोठं आलं, म्हणून अर्क सरस, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्या चकतीत असतात 10 मायक्रोग्रॅम. अर्काचे आपण सहज 5 मिलिग्रॅम ओततो, म्हणजे 500 पट! शिवाय वर्तुळ किती मोठं होईल हे पदार्थ अगारमध्ये किती पसरतो यावरही ठरतं. पाण्यात न विरघळणाऱ्या तेलकट रेणूंवर त्यात अन्यायच होतो.

त्यापेक्षा एमआयसी काढा, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा. द्रवमाध्यमात दर पायरीला निम्मं विरल करत जायचं, जिवाणू दर मिलिलिटरला सुमारे 5 लाख. अर्क ज्यात विरघळवतो त्या डीएमएसओ द्रावकाचा, अर्काशिवायचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) हवाच. अर्क गडद असेल तर जिवाणू वाढल्याचा गढूळपणा दिसत नाही, तेव्हा रेझाझुरिन हा रंग वापरतात: जिवाणू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी होतं. पण इथे मी स्वतः फसलो आहे. अर्कातले क्षपणक (इलेक्ट्रॉन देणारे) पदार्थही तो रंग बदलतात, म्हणून चाचणीच्या प्लेटमध्ये जिवाणूविरहित अर्काचा एक खळगा ठेवाच.

आणि अर्कातून वेगळा केलेला शुद्ध रेणू अर्कापेक्षा दुबळा निघाला तर लगेच निराश होऊ नका. बर्बेरिन या वनस्पतिजन्य जिवाणूरोधक रेणूचं उदाहरण बघा. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू त्याला नॉर-ए नावाच्या पंपाने बाहेर फेकतो, पण बर्बेरिन बनवणाऱ्या काही दारुहळदवर्गीय झुडपांत तो पंप रोखणारा दुसरा रेणूही सापडला आहे. या दुसऱ्या रेणूचा एकट्याने जिवाणूंवर काही परिणाम होत नाही. तुमच्या शुद्धीकरणात असाच एखादा जोडीदार गळाला असेल. वेगळे केलेले अंश पुन्हा एकत्र करून एकदा एमआयसी बघा.