टेसरॅक्ट नक्की कुठे बसलंय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी बडोद्याहून, दांडिया बाजारात राहते. आजोबांच्या वेळची छापील मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवतेय, पानं हातात घेतली की कडा तुटतात म्हणून घाई आहे. उबुंटू 24.04 वर एप्टने (उबुंटूचा पॅकेज मॅनेजर) टेसरॅक्ट, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचं मराठी पॅकेज टाकलं, पण चालवलं की म्हणतं मराठीची डेटा फाइल उघडत नाही. डीपीकेजीला कॅपिटल एल लावून (पॅकेजच्या फाइली कुठे बसल्या ते दाखवणारी कमांड) बघितलं तर फाइल यूएसआर-शेअरमधल्या टेसरॅक्टच्या फोल्डरमध्ये व्यवस्थित दिसते, मग व्हिच (कुठला प्रोग्राम चालतोय ते सांगणारी कमांड) केलं तर उत्तर आलं यूएसआर-लोकल-बिन, म्हणजे मागच्या वर्षी भाच्याने सोर्स कोडवरून बिल्ड केलेलं जुनं टेसरॅक्टच आधी उचललं जातंय आणि ते डेटा यूएसआर-लोकल-शेअरमध्ये शोधतंय. सोर्सचं फोल्डर कधीच डिलीट झालंय त्यामुळे मेक अनइन्स्टॉल (असं बिल्ड केलेलं काढायची कमांड) करता येत नाही. मला विचारायचंय की त्या जुन्याच्या लायब्ररी वगैरे सगळ्या फाइली कुठे कुठे पडल्यात ते कसं शोधू, हाताने काढल्या तर एप्टवालं बिघडेल का? का नुसतं टेसडेटा प्रीफिक्स (डेटा कुठे शोधायचा ते टेसरॅक्टला सांगणारं सेटिंग) सेट करून काम चालवू? मला जुनं काढलेलंच बरं वाटतं. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, अजून चार पुस्तकं बाकी आहेत.