गच्ची एकच: सोलरला द्यायची की बागेला?

दोघं, गंगापूर रोड, नाशिक
डिसेंबर संपत आला की नवराबायकोत तीन गोष्टींचा हिशेब होतो: बाहेर काय घडलं, घरात कुठलं नवं यंत्र यावं, छंदाला जागा किती. यंदा तिन्ही प्रश्न गच्चीवर येऊन अडकलेत. गच्ची ६०० चौरस फूट, त्यात जिन्याची खोली आणि ५ फूट उंच पाण्याची टाकी.

त्याचं म्हणणं: सोलर आत्ताच. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनेलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं एकूण ७८,००० अनुदान आहे, आणि योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंतच.

तिचं म्हणणं: सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून डिसेंबरभर शहर तापलंय. झाडांवर नुसतं बोलण्यापेक्षा ४० ग्रो बॅग लावाव्यात. वीज महावितरण देतंच, ताजी मेथी कोण देणार?

दोन्ही बाजूंनी झोडपा, पण आकड्यांनिशी.

वायरमन
सोलर. ३ किलोवॉट म्हणजे ५४० वॉटची ६ पॅनेल. एक पॅनेल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर, वजन २८ किलोच्या आसपास. फिरायला जागा धरून ३०० चौरस फूट पुरतात. वर्षाची सरासरी काढली तर किलोवॉटमागे दिवसाला ४ युनिट, म्हणजे महिन्याला ३६०. तुमचा वापर ३०० असेल तर ३ किलोवॉटसुद्धा जरा जास्तच. वापरून उरलेली युनिटं महावितरणकडे जमा होऊन पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला जी शिल्लक राहते तिला फार कमी दर मिळतो. म्हणून 'घेतोच आहोत तर ५ घेऊ' हा मोह नको. अनुदान ७८,००० च्या वर जात नाही, आणि त्यासाठी पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचंच लागतं. दरपत्रकावर हा शब्द नसेल तर सही करू नका.

कोथिंबीर जुडी
वायरमनदादा, 'बिल शून्य' हे वाक्य तुम्ही टाळलंत, बरं केलंत. स्थिर आकार राहतोच. दुसरं, लाइट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर भर दुपारीही बंद पडतं. लाइनवर काम करणाऱ्याला उलट्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. लोकांना हे पॅनेल बसल्यावर कळतं आणि मग बॅटरीचा खर्च निघतो. महिन्याचा वापर १०० युनिटांच्या आत असेल तर आधी नीट हिशेब करावा. खालच्या स्लॅबचा दर कमी आहे, त्यामुळे युनिटामागे बचतही कमी.

कोबा कारागीर
दोन्ही पक्षांनी गच्चीलाच विचारलेलं नाही. लोक पॅनेलच्या वजनाला भितात आणि कुंड्या बिनधास्त मांडतात. खरं उलट आहे. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवरच्या भाराच्या भारतीय मानकात, चौरस मीटरला १५० किलोचा भार धरलेला असतो. स्ट्रक्चर धरूनही पॅनेलचा भार चौरस मीटरला २० किलोच्या आसपास. आता १२ इंची ग्रो बॅग घ्या. तिच्यात २२ लिटर माल बसतो. काळी माती भरून पाणी घातलं की ३५ ते ४० किलो. एकाला एक खेटून लावल्या तर चौरस मीटरमध्ये ९ बॅगा, म्हणजे तीनशे किलोच्या वर! स्लॅब लगेच पडत नाही, पण वाकतो, कोब्याला भेगा जातात आणि दोन पावसाळ्यांनी खालच्या छतावर ओल दिसते. मग दोष रंगाऱ्याला.

सोलरवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. पॅनेल दाबत नाही, उडतं. नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. आपल्याकडच्या गच्च्यांवर ३-४ इंच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर असतो. अँकर बोल्ट नुसता कोब्यात बसवला तर पहिल्याच वळवाच्या वावटळीत तो दातासारखा हलतो. खोल नेऊन स्लॅबमध्ये घातला तर वॉटरप्रूफिंगला भोक. रीत अशी: पायाच्या जागी कोबा स्लॅबपर्यंत फोडायचा, सळ्या केमिकलने स्लॅबमध्ये बसवायच्या, फुटभर उंच काँक्रीटचा पेडेस्टल, म्हणजे ठोकळा ओतायचा, भोवती परत वॉटरप्रूफिंग करून गोला मारायचा. मग ७२ तास पाणी कोंडून बघायचं. हे काम सोलरवाला करत नाही, वेगळा गवंडी लागतो आणि त्याचे पैसे दरपत्रकात नसतात.

ती
९ बॅगांचा हिशेब मान्य. पण काळी माती कोण भरतंय? ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात निचरा होत नाही. ४ भाग कोकोपीट, ३ भाग माती, ३ भाग गांडूळखत घेतलं की ओली बॅग २० किलोवर येते. चौरस मीटरला ४ बॅगा, म्हणजे ८० किलो. त्याही कठड्याच्या कडेने, तुळईच्या वर. बॅगा विटांवर, जमिनीपासून ३ इंच उचलून ठेवायच्या म्हणजे झाडता येतं आणि खाली ओल साचत नाही. कोकोपीट मात्र आधी दोनदा धुऊन घ्यायचं. क्षार राहिले तर मेथीची पानं कडेने करपतात.

तो
अगं, पण पाणी? एप्रिल-मेमध्ये बॅगेमागे रोज २ लिटर. ४० बॅगांचे ८० लिटर. ते कुठून आणणार?

ती
अरे, ८० लिटर म्हणजे चार बादल्या. ठिबकच्या जिल्ह्यात राहून हा प्रश्न विचारतोस? १६ मिलीमीटरची नळी, ताशी २ लिटरचा ड्रिपर, सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास. आत्ता थंडीत दिवसाआड १ लिटर पुरतं. बोअरच्या क्षारांनी ड्रिपर चोंदतात, म्हणून सुरुवातीलाच जाळीचा फिल्टर घालायचा.

पाथर्डी फाटा
तुमचा वाद बंगल्यापुरता. फ्लॅटवाल्यांची गच्ची सामाईक. सोसायटीचा ठराव नसेल तर सोलरही नाही आणि बागही नाही. मात्र लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० अनुदान मिळतं. वार्षिक सभेत हे मांडा. अर्ज करताना वीजबिलावरचं नाव तपासा. बिल्डरच्या किंवा वारलेल्या आजोबांच्या नावावर मीटर असेल तर प्रकरण तिथेच अडकतं.

द्राक्षमंडप
तिसरा पक्ष. गच्चीवर मंडप घाला, त्यावर द्राक्षाची वेल चढवा. सावली, छंद, फळ, तिन्ही. २०० लिटरच्या पिंपात एक वेल बसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, माल फेब्रुवारी-मार्चला.

कोथिंबीर जुडी
यंदा तरी हा सल्ला नको हो काका! २०२५ चा पाऊस मेमध्ये सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला. खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतात तेव्हा ऊन लागतं. ते मिळालं नाही म्हणून बागाच्या बागा घडांविना राहिल्या. गच्चीवर काय वेगळं होणार? शिवाय डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारलं की शेजारच्या पॅनेलवर त्याचा थर. एक वेल, ओल्या मातीचं ३०० किलोचं पिंप आणि कोबा कारागिरांना झोप नाही.

एआयचा चाहता
इतकं भांडण कशाला? गच्चीचा फोटो आणि मापं चॅटबॉटला द्या, आराखडा मिळतो.

वायरमन
मिळतो, पण कुठल्या गावचा? नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. पॅनेलचा कल १५ ते २० अंश, तोंड दक्षिणेला. बॉटला गाव न सांगता विचारलं तर ३० अंश सांगून मोकळा होतो; तो थंड देशांचा आकडा. कल जास्त ठेवला की वाराही जास्त पकडतो. बागेलाही तो पीट मॉस, म्हणजे थंड देशांतल्या दलदलीतलं शेवाळ सुचवतो. त्याचा खरा उपयोग वेगळा: बारा महिन्यांची बिलं देऊन युनिटांचा तक्ता करून घ्या. मे आणि डिसेंबरच्या वापरात किती फरक आहे ते एका नजरेत दिसतं. बेरीज मात्र स्वतः तपासा.

तो
मग दोन्ही का नको? स्ट्रक्चर ८ फूट उंच, खाली बाग.

कोबा कारागीर
उंच केलं की वाऱ्याचा जोर पायाशी कितीतरी वाढतो. पेडेस्टल मोठे, लोखंड जास्त, तिरक्या पट्ट्या लागतात. खर्च धरा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरची सही घ्या.

ती
आणि खाली टोमॅटो येणार नाही, त्याला निदान ६ तास थेट ऊन लागतं. सावलीत आलं, हळद, अळू, गवती चहा, फार तर पालक. पावसाळ्यात पॅनेलच्या खालच्या कडेवरून पाण्याची धार एकाच रांगेवर पडते, तिथली माती वाहून जाते. तिथे पन्हळ लावून पाणी पिंपात घ्यावं लागेल.

वायरमन
उलट बाजूही बघा, वहिनी. दोडक्याचा मांडव ६ फूट चढला आणि त्याची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तर नुकसान कोपऱ्याएवढंच होत नाही. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात, सेलही तसेच. बायपास डायोड त्या पॅनेलचा तिसरा हिस्सा बाजूला काढतो, म्हणजे तेवढी वीज गेली. आणखी एक: धूळ. सिंहस्थाची कामं चालू आहेत, ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. तोवर रस्त्यांची माती उडणारच. पंधरा दिवसांनी पॅनेल पुसा, तेही सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी वापरलं तर लगेच कोरडं करा, नाहीतर पांढरे डाग बसतात. संक्रांतीनंतर मांजाही बघा, पॅनेलखालच्या वायरीत गुंतलेला असतो.

पाथर्डी फाटा
अर्थिंग विसरलात.

वायरमन
विसरलो नाही. तीन वेगळे खड्डे: डीसी, एसी आणि वीजरोधक. एकाच खड्ड्यात तिन्ही आणून पैसे वाचवणारे भेटतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर जोडले की सांधा तापतो आणि वितळतो, तेही बघा.

कोथिंबीर जुडी
निर्णयाआधी एक काम डिसेंबरातच करा, कारण आत्ता सूर्य सगळ्यात खाली आहे. २२ डिसेंबरच्या सुमाराला नाशिकला माध्यान्हीचा सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर आणि सकाळी ९ ला जेमतेम २२ अंशांवर असतो. म्हणजे ९ ची सावली उंचीच्या जवळजवळ अडीचपट. तुमच्या ५ फुटी टाकीची सावली १२ फूट, ३ फुटी कठड्याची सात-सव्वासात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सावली पायाखाली येते आणि गच्ची सगळीच उन्हात दिसते. सोलरवाला तेव्हा येऊन माप घेतो आणि फसतो. खडू घ्या, ९, १२ आणि ३ वाजता सावलीच्या कडा आखा. तिन्ही वेळा उन्हात राहिलेली जागा सोलरची. उरलेली बागेची.

ती
आखलं. मधली २८० चौरस फूट तिन्ही वेळा उन्हात, बाकी कडेची माझी. २८० मध्ये काय बसतं?

वायरमन
४ पॅनेल आरामात. २.१६ किलोवॉट, महिन्याला अडीचशे युनिट.

तो
टाकी हलवली तर ६ बसतील.

ती
टाकी हलवायला प्लंबर, चबुतरा आणि परत कोबा फोडणं. त्या पैशांत ठिबक होतं.