मदत हवी आहे: बालगृहाची तपासणी झाली, संडास तसेच. अहवाल कुठून मिळेल?

पाऊलवाट
लवकर सांगा. मुली 48, चालू संडास 2, बाथरूमला कडी नाही, गाद्या ओल्या. तपासणीवाले सह्या करून गेले. अधीक्षक म्हणतात, अहवाल वर गेला. वर म्हणजे कुठे? माहिती अधिकारात मागू का?

टिपणवही
शासकीय की संस्थेचं? आणि तपासणी कुणाची? बालकल्याण समिती महिन्यातून किमान दोन भेटी देते. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 54 ची निरीक्षण समिती तीन महिन्यांतून किमान एकदा येते. दोन्हींचे कागद वेगळे. चुकीचा मागितलात तर ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येईल.

पाऊलवाट
शासकीय. चौघं होते, एक सरकारी डॉक्टर बाई.

टिपणवही
मग बहुधा निरीक्षण समितीच. तीनपेक्षा कमी सदस्य चालत नाहीत, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. 2021 च्या दुरुस्तीनंतर अहवाल आठवड्याच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, त्यांनी महिन्याभरात कारवाई करून राज्य शासनाला अनुपालन अहवाल, म्हणजे काय कारवाई केली त्याचा अहवाल, द्यायचा. तुमचं ‘वर’ ते हेच. माहिती अधिकाराच्या अर्जात समितीने भरलेला तपासणी नमुना आणि अनुपालन अहवाल, दोन्हींच्या प्रती मागा. ‘कारवाई का झाली नाही’ असं विचारू नका, ‘का’ला माहिती म्हणून उत्तर मिळत नाही. ‘मुलींची नावे माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 10 नुसार वगळून’ हे स्वतःच लिहा, म्हणजे गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 150 शब्द, एका अर्जात एकच विषय.

खानदेशी
30 दिवस उत्तराची वाट, मग अपील. तोवर मुलींनी काय करायचं? बालकल्याण समितीला आजच लेखी तक्रार द्या, पोच घ्या. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत.

टिपणवही
अधिकार आहेत, दुरुस्तीचा निधी नाही. सुधारणेसाठी समिती शिफारसच करणार.

खानदेशी
शिफारस कागदावर आली की कार्यालयाला ती फाइल दाबणं जड जातं. आणि कडी लावायला कसला निधी लागतो? मुलींच्या बाथरूमला कडी नाही हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तक्रारीत तोच पहिला लिहा.

अंगणओटा
फेसबुकवर फोटो टाका, दोन दिवसांत हलतील.

खानदेशी
अजिबात नको! बाल न्याय अधिनियमाचं कलम 74 आहे, मुलांची ओळख उघड करायला मनाई. चेहरा झाकला तरी शाळेच्या गणवेशावरून मुलगी ओळखू येते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फोटो रिकाम्या संडासाचे काढा, तेही फक्त तक्रारीला जोडायला.

डोंगरवाट
आश्रमशाळांचीही हीच गत. त्यांची तपासणी कोण करतं?

टिपणवही
आदिवासी आश्रमशाळा असतील तर त्या आदिवासी विकास विभागाच्या, प्रकल्प कार्यालयाकडे विचारा. इथे नको, धागा भरकटेल.
पाऊलवाट, प्रमाण लिहून घ्या: 7 मुलांमागे एक संडास, 10 मुलांमागे एक बाथरूम. 48 मुलींना 7 संडास लागतात, आहेत 2. तक्रारीत ‘गैरसोय’ लिहू नका, हा आकडा लिहा. बालगृहातल्या मुलींचीच जी बालसमिती असते, तिची बैठक दरमहा व्हायला हवी, तिच्या नोंदवहीत संडासाचा विषय आला असेल तर तो सगळ्यांत भक्कम पुरावा. तक्रारपेटी कुठे आहे? ऑफिसच्या दारात असेल तर कुणी चिठ्ठी टाकणार नाही. ती खोल्यांजवळ हवी आणि चावी अधीक्षकांकडे नको.

पाऊलवाट
पेटी ऑफिसातच आहे. इमारत भाड्याची, मालक म्हणतो माझा संबंध नाही.

टिपणवही
भाड्याची हे आधी सांगायला हवं होतं! मग सरकारी इमारतींची दुरुस्ती बघणाऱ्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकाची वाट पाहण्यात अर्थ नाही. भाडेकरारात दुरुस्ती कुणावर आहे ते आधी बघा. कराराची प्रत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मागा, पण वेगळ्या अर्जात. विषय वेगळा आहे.