अनुभव धागा: विलायत सोडून आलेल्यांना पार्सलने मागवता येत नाही असं काय आठवतं?

सांजवेळ, पर्थ

पर्थच्या दक्षिणेला रॉकिंगहॅमजवळ राहून मला ११ वर्षं झाली. या पट्ट्यात इंग्लंडहून आलेली माणसं खूप. आमच्या शेजारच्या आजी त्यांपैकीच, मूळच्या शेफील्डच्या. वय ८५. १९६५ साली नवरा आणि दोन तान्ही मुलं घेऊन बोटीने आल्या. तेव्हा ऑस्ट्रेलिया सरकारची योजना होती: मोठ्या माणसाला १० पौंड, मुलं फुकट. अट अशी की किमान दोन वर्षं राहायचं, त्याआधी परत गेलात तर प्रवासाचा पूर्ण खर्च भरायचा. १९४५ पासून पंचवीसेक वर्षांत दहा लाखांहून जास्त ब्रिटिश असे आले. त्यांना इथे अजूनही 'टेन पाउंड पॉम' म्हणतात (पॉम म्हणजे इथल्या बोलीत ब्रिटिश माणूस).

दर नोव्हेंबरात एका रविवारी आजी मला पुडिंग ढवळायला बोलावतात. ख्रिसमसचं पुडिंग महिनाभर आधी करून मुरवत ठेवायचं, आणि कालवताना घरातल्या प्रत्येकाने लाकडी चमच्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे एकदा ढवळून मनात काहीतरी मागायचं, अशी त्यांच्याकडची रीत. मनुका, बेदाणे, ब्रेडचा चुरा, चरबी, काळी काकवी, ब्रँडी. मिश्रण इतकं घट्ट की मनगट भरून येतं. भांडं त्यांच्या आईचं, जाड, पिवळसर मातीचं, कडेला एक टवका उडालेला. बोटीतून येताना टॉवेलात गुंडाळून मुलांच्या कपड्यांच्या मध्ये ठेवलं होतं. यंदा ढवळत होतो तेव्हा बाहेर ३६ डिग्री होतं आणि पंख्याखालीही आजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. चमचा मात्र त्यांनी खाली ठेवला नाही.

मी विचारलं, आता चहापासून पावाला लावायच्या मार्माइटपर्यंत सगळं इथल्या दुकानात मिळतं, मग आठवण कसली येते? त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "संध्याकाळची."

शेफील्डला जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो आणि पुढेही बराच वेळ उजेड रेंगाळतो. दहा वाजता मुलं गल्लीत खेळत असायची, बायका उंबऱ्यावर बसून गप्पा मारायच्या, आणि अंधार कधी पडला ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. इथे ऐन उन्हाळ्यातही साडेसातला सूर्य गेला की अर्ध्या तासात काळोख. "कुणीतरी दिवा मालवतं," त्या म्हणाल्या. साठ वर्षं झाली, अजून त्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही.

दोन वर्षं पुरी होताच त्या दोघांनी घर विकलं होतं आणि शेफील्डला परतले होते. आलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा असा परत गेला. पण तिथे पोचल्यावर मुलं उन्हासाठी, समुद्रासाठी रडायला लागली आणि दीड वर्षात सगळे पुन्हा पर्थला. अशांना इथे 'बूमरँग पॉम' असं नावच आहे. आजी सांगतात, दुसऱ्यांदा येणं जास्त जड गेलं, कारण या खेपेला परत जायचं मनात ठेवून आलो नव्हतो.

म्हणून हा धागा. तुम्ही स्वतः ब्रिटनमध्ये वाढून किंवा राहून दुसरीकडे गेला असाल, किंवा घरात, शेजारी, कामावर असं कुणी असेल, तर लिहा. खाण्याच्या वस्तू आता जगभर पोचतात, म्हणून त्या एका ओळीत आटपा. जे पार्सलमध्ये येत नाही ते सविस्तर लिहा.

बांधावरून, न्यू जर्सी

माझं उत्तर तयार आहे: वहिवाट.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमधल्या डर्बीशायरमध्ये बारा वर्षं काढली. मुलीचा जन्म तिथला. आता इथे मोठं घर आहे, अंगण आहे, गाडी आहे. पण घरातून निघून पायी कुठे जाता येत नाही.

तिथे शेतकऱ्याच्या शेतातून, मेंढरांच्या मधून, कधी कुणाच्या परसाला लागून जुनी पायवाट असते आणि तिच्यावरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांना असतो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा जवळजवळ २,२५,००० किलोमीटर भरतात. फाटकाच्या खांबावर छोटा पिवळा बाण असतो. तो दिसला की पाऊल टाकायचं. बाण निळा असेल तर त्या वाटेने घोडाही नेता येतो. कुंपणावर लाकडी पायऱ्या असतात, त्या चढून पलीकडे उतरायचं. मुलगी तीन वर्षांची असताना त्या पायऱ्या स्वतः चढायचा हट्ट धरायची, आणि मागे चिखलाचे बूट घातलेली चार माणसं शांतपणे उभी राहायची. तिला कुणी घाई केल्याचं मला आठवत नाही.

आपल्या गावाकडे बांधावरच्या वाटेसाठी तहसीलदाराकडे किती खेटे घालावे लागतात ते मी माहेरी पाहिलंय, म्हणून मला या गोष्टीचं मोल जास्त वाटतं. तिथेही ती आपसूक मिळालेली नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरकडचे कामगार तरुण बंदी मोडून किंडर स्काउटच्या डोंगरावर शिरले, त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. आमच्या घरापासून तो डोंगर तासाभरावर होता. दर एप्रिलमध्ये आम्ही जायचो.

इथे पहिल्याच महिन्यात मी सवयीने एका माळावरून चालायला लागले, तर मालक गाडी घेऊन आला. बोलला नीटच, पण खाजगी जागा म्हणाला. मी परत फिरले. त्या भागाचा नारिंगी वेष्टणाचा नकाशा अजून कपाटात आहे, हिरव्या तुटक रेघांचा. मुलगी आता चौदा वर्षांची आहे. मध्यंतरी तिने तो जमिनीवर पसरला आणि बोटाने आमच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट काढून दाखवली. मला वाटलं होतं ती विसरली असेल.

(खाण्याची एक ओळ: चहा तोच आणते, पण इथल्या विजेचा दाब निम्मा, त्यामुळे किटलीला पाणी उकळायला जवळपास दुप्पट वेळ लागतो.)

सून, ऑन्टारिओ

माझे सासरे इंग्लंडमधल्या बोल्टनचे. सासूबाई गेल्यावर २००० साली आमच्याकडे कॅनडाला राहायला आले. त्याच वर्षी त्यांचं पेन्शन सुरू झालं, तेव्हाच्या पूर्ण दराने, आठवड्याला ६७ पौंड ५० पेन्स. आज २५ वर्षांनीही तेवढंच मिळतं. ब्रिटनमध्ये राहिले असते तर तेच पेन्शन २०२५ च्या एप्रिलपासून १७६ पौंड ४५ पेन्स झालं असतं.

ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढतं, पण कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत अशा देशांत राहायला गेलेल्यांचं आहे त्या आकड्यावर गोठतं. अमेरिकेत किंवा युरोपीय संघातल्या देशांत गेलेल्यांचं वाढत राहतं. म्हणजे नायगारा ओलांडून पलीकडे बफेलोत राहणाऱ्याला वाढ, आणि अलीकडे आमच्या बाबांना नाही. याविरुद्ध पेन्शनर युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये हरले. बाबांनी आयुष्यभर पूर्ण वर्गणी भरली आहे. ते आमच्याजवळ राहतात, त्यांना काही कमी पडू देत नाही, पण नातवाच्या वाढदिवसाला पाकीट देताना ते दोनदा नोटा मोजतात आणि तेव्हा माझा जीव तुटतो.

धाग्याचा प्रश्न मी बाबांना विचारला. मला वाटलं होतं ते फुटबॉल म्हणतील. ते म्हणाले, "तिकडे मी सुट्टीवर जातो ना, तेवढे आठवडे पेन्शन पूर्ण मिळतं. तेवढे आठवडे वाटतं, आपल्याला कुणी मोजतंय." पुढे मी काही विचारलं नाही.

खाण्याची ओळ: रविवारचं रोस्ट मी करते. यॉर्कशायर पुडिंग फुगायला तेल धूर येईपर्यंत तापलेलं लागतं. आपल्या फोडणीवर हात बसलेला असल्यामुळे ते मला पहिल्याच दिवशी जमलं.

लेस्टरकर, आलिकांते

मी जन्माने ब्रिटिशच. आईबाबा सांगलीचे, मी लेस्टरचा, बायको स्पॅनिश. त्यामुळे हा धागा माझ्याचसाठी आहे असं समजून लिहितो.

आठवतं ते 'मी डक'. लेस्टरकडे बसचा ड्रायव्हर, पावाच्या दुकानातली बाई, कुणीही कुणालाही 'मी डक' म्हणतं. मराठीत सांगायचं तर 'बाळा' आणि 'राजा' यांच्या मधलं काहीतरी. माझ्या आईने इंग्रजी शिकताना सगळ्यात आधी हे उचललं. नऊवारी नेसणाऱ्या आजीलासुद्धा भाजीवाला 'हिअर यू आर, मी डक' म्हणायचा आणि आजी मान हलवून पिशवी पुढे करायची. इथे स्पेनच्या किनाऱ्यावर ब्रिटिश हजारोंनी आहेत, इंग्रजी रोज कानावर पडतं, पण गेल्या सहा वर्षांत हा शब्द एकदाच ऐकला, एका विमानतळावर. मी वळून पाहिलं. ती बाई दुसऱ्याच कुणाशी बोलत होती.

दुसरं म्हणजे आपण त्यांच्यातले आहोत हे गृहीत धरलेलं असणं. ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे, १ जानेवारी २०२१ पासून कागदोपत्री सगळं बदललं. ब्रिटनहून इकडे मांसाचे आणि दुधाचे पदार्थ पाठवायला बंदी, त्यामुळे आईच्या खोक्यातून चेडर चीज गेलं आणि तिने स्वतः कढवलेलं तूपही. २०२२ च्या मेपासून इथे राहणाऱ्यांचा गाडी चालवायचा ब्रिटिश परवाना चालेना. मी स्पॅनिश परवाना वेळेत बदलून घेतला नव्हता, त्यामुळे मार्च २०२३ मध्ये दोन्ही सरकारांचा करार होईपर्यंत दहा महिने गाडी उभी. बायको मला कामावर सोडायची. एक चांगली गोष्ट एवढीच की १५ वर्षं बाहेर राहिल्यावर ब्रिटनमधला मतदानाचा हक्क जायचा, ती मर्यादा जानेवारी २०२४ पासून उठली. बाबांनी फोन करून सांगितलं. आवाजावरून कळत होतं की त्यांनाच जास्त आनंद झालाय.

रानवारा, डुनेडिन

इथे न्यूझीलंडला एक गोष्ट पार्सलनेच आली होती. एकोणिसाव्या शतकात आलेल्यांना तिकडचे पक्षी आठवायचे, म्हणून त्यांनी पिंजऱ्यांतून बोटीने ब्लॅकबर्ड आणि थ्रश आणून सोडले. आज माझ्या कुंपणावर तोच ब्लॅकबर्ड गातो. ऑफिसातली केंटची मैत्रीण म्हणते, गाणं तेच आहे, पण इथला वसंत सप्टेंबरात, म्हणून तो तेव्हा गातो आणि तिच्या कानाला अजून तो महिना चुकीचा वाटतो.

घाटमाथा, सातारा

परदेशात राहिलेलो नाही, तरी एक भर घालतो. ब्रिटिश माणूस परदेशात मायेने स्वतःच्या देशाला 'ब्लायटी' म्हणतो. तो शब्द आपल्या 'विलायती'चा. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांनी 'बिलायती' ऐकून उचलला. पहिल्या महायुद्धात घरी पाठवतील एवढीच जखम झाली तर तिला 'ब्लायटी' म्हणायचे, आणि खंदकातली पोरं तशी जखम मागायची.

आमच्या महाबळेश्वरात त्यांच्या जुन्या बंगल्यांतून शेकोटीची धुराडी आहेत. लहानपणी वडिलांबरोबर रंगकामाला जायचो तेव्हा एका धुराड्यात हात घालून पाहिला होता. आत काजळी होती, बोटांना लागली. इतक्या वर्षांपूर्वीचा जाळ, आणि काजळी अजून ओली असल्यासारखी काळी.

खाडीकाठ, दुबई

माझ्या टीममधला एक सहकारी, इंग्लंडमधल्या हल बंदराचा, बाप ट्रॉलरवर मासेमारी करणारा. हा रोज कामाला बसण्याआधी फोनवर बीबीसीचा समुद्राच्या हवामानाचा अंदाज ऐकतो. ब्रिटनभोवतीच्या ३१ सागरी भागांची नावं ठरलेल्या क्रमाने घेतली जातात: वायकिंग, नॉर्थ उत्शिरा, साउथ उत्शिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर, फिशर, जर्मन बाइट, आणि अशीच पुढे. मग वारा, लाटा, हवामान, किती दूरचं दिसतंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या आजोबांची संध्याकाळची रामरक्षा आठवली. अर्थाकडे लक्ष नसतं, पण एक ओळ गळली तर लगेच कळतं. तो म्हणतो, डॉगर म्हटलं की आई हातातलं काम थांबवायची, कारण बाबा तिथे असायचे.

यातलं फिनिस्टेअर हे नाव २००२ मध्ये बदलून फिट्झरॉय केलं, ब्रिटिश हवामान खातं सुरू करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावावरून. याला ते आजही मान्य नाही.

सांजवेळ, पर्थ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर आजींकडे गेले आणि प्रतिसाद एकेक करून इंग्रजीत सांगितले. बोल्टनच्या आजोबांचं पेन्शन ऐकून त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या मोठ्या बहिणीचंही तसंच गोठलं होतं, ती ॲडलेडला वारली. किंडर स्काउटचं नाव निघताच मात्र उठून बसल्या. लग्नाआधी दोघं रविवारी सायकलने त्या बाजूला जायचे.

खाडीकाठ यांचा प्रतिसाद वाचल्यावर म्हणाल्या, लाव. त्यांचे वडील पोलादाच्या कारखान्यात, समुद्राशी काही संबंध नाही, पण रेडिओ चालू असायचा. मी फोनवर लावलं आणि दोघींच्या मधे टेबलावर ठेवलं. आजी डोळे मिटून बसल्या. फोर्टीजपासून ओठ हलत होते, निवेदकाच्या अर्धा शब्द पुढे. दुसऱ्यांदा पर्थला आल्यापासून त्यांनी हे ऐकलेलं नव्हतं. बिस्के, ट्रॅफल्गर, आणि मग निवेदक म्हणाला फिट्झरॉय.

आजींनी डोळे उघडले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाल्या, "फिनिस्टेअर."