घरच्या कॉम्प्युटरवर बाहेरून पोचण्याबद्दल

नमस्कार मंडळी,
महिन्यातले बरेच दिवस मी प्रवासात असते आणि कामाच्या सगळ्या फाइली घरच्या कॉम्प्युटरवर असतात. विंडोज प्रो आहे, रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या यंत्रावरून हा कॉम्प्युटर चालवायची सोय) चालू केलाय, घरातल्या लॅपटॉपवरून छान चालतो. राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं एक क्रमांकाचं दार) उघडला की बाहेरूनही चालेल, असं वाचलं. पासवर्ड चांगला लांब आहे. एवढं पुरेल ना?

———

ताई, तो पोर्ट उघडू नका. उघडला असेल तर पुढचं वाचण्याआधी बंद करून या.

३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला पोर्ट. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. सापडला की पासवर्डांचा मारा सुरू. तुमचा पासवर्ड टिकेलही, पण २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ ही त्रुटी उघड झाली तेव्हा जुन्या विंडोजमध्ये पासवर्ड न देताच आत शिरता येत होतं. आकडा बदलून दुसरा पोर्ट घेतला तरी तो शोधला जातोच.

रिमोट डेस्कटॉप घरापुरताच राहू द्या आणि घराच्या नेटवर्कमध्ये यायला वायरगार्ड व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरापर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता, लावा. यात प्रत्येक उपकरणाची स्वतःची किल्ल्यांची (लांबलचक संकेतांची) जोडी असते. खाजगी किल्ली त्या उपकरणातच राहते, सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की ओळखीची किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. नकारही नाही. शोधणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

राउटरमध्ये वायरगार्डची सोय असेल तर तिथेच लावा, कॉम्प्युटरवर लावलंत आणि तो झोपला की रस्ता बंद. वायरगार्डसाठी सहसा ५१८२० हा यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत) पोर्ट वापरतात. घरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस घ्या, म्हणजे पत्ता बदलला तरी जोडायचं नाव तेच राहतं. फोन आणि लॅपटॉपला एकच किल्ली देऊ नका. फोन हरवला तर तेवढीच नोंद काढता आली पाहिजे. आणि तपासताना वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून जोडून बघा, नाहीतर घरात बसून सगळं चालल्यासारखं वाटतं.

———

दादा, मनापासून आभार. पोर्ट बंद केला. राउटरमध्ये वायरगार्ड आहे, पण बाहेरून जोडलं जात नाही. राउटरवर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो.

———

मग चूक तुमची नाही, ताई. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते इंटरनेट कंपनीच्या आतल्या वापराचे. अनेक ग्राहकांमध्ये एकच खरा पत्ता वाटलेला असतो, त्यामुळे तुमच्या राउटरपर्यंत बाहेरून कुणी पोचत नाही. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागून बघा. नाहीच मिळाला तर टेलस्केल वापरा. ते वायरगार्डवरच बांधलेलं आहे आणि पोर्ट उघडावा लागत नाही. मात्र तिथे ज्या खात्याने लॉगिन कराल त्याला दुहेरी पडताळणी आजच लावा, कारण ते खातं ज्याच्या हाती तो थेट तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये येतो.

———

लिनक्सवर एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरमध्ये लॉगिन करायची सोय) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनवा, तिला पासफ्रेज (किल्लीचा स्वतःचा पासवर्ड) लावा, किल्लीने लॉगिन होतंय याची खात्री करा आणि मगच पासवर्डने लॉगिन बंद करा. हा क्रम चुकला तर आपणच बाहेर राहतो.