मदत हवी आहे: शेवटी 'जा' येणारं मुलीचं नाव सुचवा, रविवारी बारसं आहे

नमस्कार, आम्ही सोलापूरचे. मोठीचं नाव गिरिजा, आता धाकटी झालीय तर तिचंही 'जा'वरच संपणारं पाहिजे. शैलजा, अद्रिजा नको, अर्थ परत डोंगराची लेक म्हणजे पार्वतीच, दोघींचं एकच नाव झालं की! ऋतुजा आमच्या गल्लीतच तीन आहेत आणि इंग्रजीत कोण रु लिहितंय कोण रि, एकीचं तर आधारवर वेगळं न् शाळेत वेगळं. तनुजा आत्याचं. जलजा, वनजा म्हणजे कमळ, पण जुनी वाटतात. नीरजा मला आवडलंय, ह्यांना नको. राशीचं अक्षर बघत नाही. सासूबाई घरात कन्नडच बोलतात, त्यांना हाक मारायला सोपं, जोडाक्षर नसलेलं, तीन अक्षरीच पाहिजे. गिरिजासोबत शोभेल असं काय ठेवू, अर्थासकट सांगाल का?