उपकरणांवरच्या वॅटची बेरीज मीटरशी का जुळत नाही?

प्रश्न:
नमस्कार. घरातल्या प्रत्येक उपकरणावर छापलेले वॅट मी टिपून घेतले, ते उपकरण रोज जितके तास चालते त्या तासांनी गुणले आणि 30 दिवसांचा हिशोब मांडला. फ्रीज 150 वॅटचा आणि चोवीस तास चालू, म्हणून 108 युनिट (एक युनिट म्हणजे 1000 वॅट तासभर). 2000 वॅटचा गीझर रोज एक तास, म्हणून 60. 75 वॅटचे तीन पंखे रोज 12 तास, म्हणून 81. दिवे, टीव्ही, वॉशिंग मशीन वगैरे मिळून 51. एकूण 300 युनिट झाले. मीटरच्या दोन नोंदींची वजाबाकी मात्र 214 येते. वापर कमी करायचा आहे, पण वीज कुठे किती जाते हेच नीट कळले नाही, तर सुरुवात कुठून करावी?

पहिले उत्तर:
आपले गणित बरोबर आहे, तास चुकले आहेत. फ्रीजचा कॉम्प्रेसर आतला गारवा पुरेसा झाला की थांबतो आणि उष्णता वाढली की पुन्हा सुरू होतो. तो एकूण वेळेच्या तिसरा हिस्सा चालतो असे धरले, तर 108 ऐवजी 36 युनिटच उरतात. गीझरचेही तसेच आहे. बटण तासभर चालू असले तरी पाणी तापले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. 30 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला साधारण 1.05 युनिट लागते, म्हणजे महिन्याला सुमारे 31. आता बेरीज 199 वर येते आणि मीटर 214 दाखवतो. मला खरे महत्त्वाचे वाटतात ते हे राहिलेले 15 युनिट, कारण ते आपल्या यादीतच नाहीत. महिन्याच्या 720 तासांवर ते पसरले, तर कोणते तरी 21 वॅट अखंड जळत आहेत असा अर्थ निघतो. अर्थात फ्रीजचा अंदाज थोडा हलला की हा आकडाही हलेल, म्हणून तो मोजूनच पाहावा.

दुसरे उत्तर:
मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक, हे छापलेले असते, उदाहरणार्थ 3200. रात्री सगळी बटणे बंद करा, फ्रीजही दहा मिनिटे बंद ठेवा (तेवढ्या वेळात दार न उघडल्यास काही बिघडत नाही), आणि दिवा किती वेळा लागतो ते मोजा. त्या संख्येला 6 ने गुणून (म्हणजे तासाभराचा आकडा मिळतो) 3200 ने भागले, की किलोवॅट मिळतात. मीटरला किंवा त्याच्या सीलला मात्र हात लावू नका.

प्रश्नकर्ता:
काल रात्री मोजले. माझ्या मीटरवरही 3200 च आहे. अंधारात मीटरसमोर उभा होतो. दिवा एकदा लागला, की पुढचा लागेपर्यंत जवळजवळ एक मिनिट जात असे. दहा मिनिटांत 11 वेळा लागला, म्हणजे सुमारे 21 वॅट. मग सेट टॉप बॉक्सचा प्लग काढला आणि तेच अंतर दोन मिनिटांच्या थोडे वर गेले. रिमोटने बंद केलेला तो डबा एकटा 12 वॅट, म्हणजे महिन्याला साडेआठ युनिटांहून अधिक घेत होता! बाकीचे बहुधा राउटरचे असावेत.

तिसरे उत्तर:
अगदी छान मोजलेत. त्या डब्याला बटणाचा सॉकेट द्या. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरमागे मात्र लागू नका. आजचे बरेचसे चार्जर अर्ध्या वॅटहूनही कमी घेतात. आपल्या यादीत मला सर्वांत मोठी जागा पंख्यांची दिसते. 75 वॅटच्या जागी 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे आले, तर 81 युनिटांचे सुमारे 32 होतील, आणि हे कोणाच्याही सोयीला धक्का न लावता होईल. तिन्ही एकदम बदलणे शक्य नसेल, तर जो सर्वांत जास्त तास फिरतो तो आधी बदला. जुना, मोठ्या डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर तोही काढा, कारण त्यात वेग कमी केला तरी विजेचा काही भाग रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन वाया जातो. गीझरचे तापमान इतकेच ठेवा की त्यात फारसे गार पाणी मिसळावे लागू नये, आणि अंघोळीच्या थोडे आधीच तो लावा. फ्रीजच्या दारात कागद धरून दार लावून पाहा. कागद सहज ओढून निघाला, तर रबर सैल झाले आहे आणि कॉम्प्रेसर विनाकारण जास्त वेळ चालत आहे.